खिडकीच्या टेबलापाशी सालिहेताई

सालिहेताईचं कागदावरचं नाव स्नेझाना. ती आठ वर्षांची असताना सरकारी माणसं आमच्या रोडोपेच्या डोंगरात, मुसलमानांच्या गावांमध्ये आली आणि घराघरातली नावं बदलून गेली. पुढे राज्य बदललं, ज्यांना हवी होती त्यांनी आपली जुनी नावं परत घेतली. सालिहेताई कचेरीत गेलीच नाही. "एक्स-रेचं सर्टिफिकेट स्नेझानाला मिळालंय," ती म्हणायची. "ते सालिहेच्या नावावर करायला गेले, तर मेले पुन्हा परीक्षेला बसवतील." पण आमच्या खोलीत आलेल्या प्रत्येक बाईला ती केसपेपर बाजूला ठेवून आधी विचारायची, "घरी काय हाक मारतात तुला?" आणि बाई बाहेर पडेपर्यंत त्याच नावाने तिच्याशी बोलायची.

मी त्या इस्पितळात एक्स-रेची डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा चौतीस वर्षांची होते. खाली प्लोवदिव्ह शहरात शिकल्याचा तोरा अंगात होता. सालिहेताई तंत्रज्ञ. पन्नाशीची, बुटकी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. पेशंटसमोर ती मला "डॉक्टर, तुम्ही" म्हणायची आणि कॉफीच्या वेळी "अगं इस्क्रा". दोन्ही वेळेला ती मला शिकवतच असायची, हे कळायला मला वर्ष लागलं.

एकोणिसाव्या वर्षी ती फिल्म धुवायला डार्करूममध्ये लागली होती. वीस वर्षं तिने लाल दिव्याखाली काढली. औषधांनी बोटांची कातडी अशी झाली होती की सुईत दोरा ओवताना तो बोटालाच अडकायचा. पण त्या वीस वर्षांत तिची नजर तयार झाली. स्तनाच्या एक्स-रेत कधी कधी पांढरे बारीक कण दिसतात, मिठाची चिमूट सांडावी तसे. ते चुन्याचे कण. बहुतेकदा निरुपद्रवी असतात. पण काही वेळा, एका जागी दाटीवाटीने बसलेले असले तर, ती कर्करोगाची पहिली चाहूल असते. गाठ हाताला लागायच्या कितीतरी आधीची. फिल्मवर धूळ बसली तरी तसेच ठिपके उमटतात. मी भिंग लावून बघत बसायचे, आणि ती मागून जाता जाता सांगायची, "धूळ आहे ती. धूळ फार स्वच्छ दिसते, डॉक्टर. मीठ जरा लाजतं."

कण दिसले, तरी ते कसले हे तिथला तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही. आणि तेव्हा तुकडा काढायचा म्हणजे बाईला खाली शहरात पाठवायचं, भूल द्यायची, स्तनात तार खुपसून जागा दाखवायची, मग सुरीने कापायचं. तीन दिवस इस्पितळात आणि बोटभर लांब व्रण. दहातल्या चार बायका जायच्याच नाहीत. "दुखत नाही, खुपत नाही, आणि शेळ्यांना कोण बघणार?" एवढं बोलून त्या परतीची बस पकडायच्या. त्यांतल्या काही दोन-तीन वर्षांनी परत आल्या. तेव्हा गाठ बोटांना लागत होती.

म्हणून दोन हजार सोळाच्या वसंतात आमच्याकडे नवं यंत्र आलं तेव्हा मला आनंद झाला. उंच टेबल, मध्ये एक गोल खिडकी. बाईने पालथं झोपायचं, स्तन त्या खिडकीतून खाली सोडायचा. टेबलाखाली बसून आम्ही तो दोन पट्ट्यांमध्ये धरायचा, दोन बाजूंनी फोटो काढायचे, यंत्र कणांचा नेमका ठावठिकाणा सांगणार. मग जागा बधिर करायची, तांदळाच्या दाण्याहून छोटा छेद घ्यायचा आणि पोकळ सुई आत. यंत्र हवा ओढतं, त्या ओढीने मांसाचा बारीक तुकडा सुईत येतो, आतलं पातं तो कापतं, आणि तुकडा नळीतून मागच्या डबीत. सुई पुन्हा पुन्हा खुपसावी लागत नाही, जागच्या जागी फिरवायची. दहा-बारा तुकडे, टाका नाही, बाई दुपारी घरी.

सहा आठवडे एकही बाई आली नाही.

एका म्हातारीने दारातून टेबल बघून विचारलं, "हे गाईंचं आहे का? दूध काढायचं?" ती बाजारात गेली आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत सगळ्या गावांना ठाऊक झालं, की इस्पितळात बायकांचं दूध काढायचं यंत्र बसवलंय आणि ते स्तन ओढूनच घेतं. मी चिडले. पत्रकं छापून घेतली. सालिहेताईने एक पत्रक वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाली, "छान लिहिलंय. चष्मा असलेल्यांना उपयोगी पडेल."

त्या दिवशी दुपारी मी खोलीत आले तर ती टेबलावर पालथी. मला वाटलं, चक्कर आली.

"घड्याळ लावलंय," ती म्हणाली. "चाळीस मिनिटं न हलता पडून बघतेय. मान मोडते हो इथे. आणि ही कड बरगडीत घुसते. पुरुषाने बनवलेलं टेबल आहे, त्याला काय कळणार."

दुसऱ्या दिवशी तिने घरून मेंढीच्या लोकरीच्या दोन उशा शिवून आणल्या, एक खांद्याखाली, एक घोट्यांखाली. भिंतीवरचं घड्याळ काढून टाकलं. "पडल्या पडल्या बाई काटाच बघत राहते," ती म्हणाली. मी म्हटलं, "ताई, पण झोपायला बाई कुठे आहे?"

ती कपाटाशी गेली, तिच्या खणातून एक पाकीट काढलं आणि फिल्म माझ्या उजेडपेटीवर लावली. डाव्या स्तनाच्या वरच्या बाजूला कण होते. नऊ-दहा, एकमेकांना खेटून. कोपऱ्यात नाव होतं स्नेझाना आणि तारीख चौदा महिन्यांपूर्वीची, मी रजेवर होते त्या आठवड्यातली.

हीच बाई शेळ्यांची सबब सांगणाऱ्यांना दारात उभं करून झापायची. "चौदा महिने?" एवढंच मी म्हटलं.

"दुसऱ्या कुणाची असती तर मी तिच्या घरी जाऊन बसले असते," ती म्हणाली. "स्वतःची होती. रोज खण उघडायचे, पाकीट आहे ना बघायचे आणि बंद करायचे. मला शहाणी समजू नकोस, इस्क्रा. मीही त्यांच्यातलीच." मग तिने रुमाल सोडला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाली, "उद्या सकाळी आठला. पहिली बाई मी."

माझा हात तसा स्थिर आहे, पण त्या सकाळी मी तीन वेळा मोजमाप तपासलं. टेबलाखालून तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त आवाज ऐकू येत होता, आणि आवाज सतत सूचना देत होता. "पट्टी अजून जरा. हां. आता मला सांगा काय करताय ते. गप्प राहू नका, गप्प राहिलात की भीती वाटते." सुई आत गेली, यंत्र घरघरलं, आणि ती पहिल्यांदाच गप्प झाली. बारा तुकडे झाले. तुकड्यांचा एक्स-रे काढला, कण त्यांत आले होते. त्या जागी पुढे ओळख पटावी म्हणून तिळाहून लहान धातूची खूण सोडली. मग मी छेदावर बोळा ठेवून दाबायला लागले. पंधरा मिनिटं दाबायचं असतं, नाहीतर आत रक्त साचतं.

"दाब की," ती म्हणाली. "कणीक मळतेस काय?"

नऊ दिवसांनी निकाल आला. निरुपद्रवी. तिने कागद दोनदा वाचला आणि फडताळात शिस्तीत लावून ठेवला. रडली वगैरे नाही. पण त्या दुपारी तिने आम्हा सगळ्यांना घरून आणलेला बटाट्याचा पतातनिक वाढला, आणि स्वतः मात्र एक घास खाऊन खिडकीबाहेर बघत बसली.

शुक्रवारी तिने अर्धा दिवस रजा टाकली आणि बाजारात गेली. तिथे लोकर विकणाऱ्या बाईच्या दुकानामागे एक खोली आहे, बायका तिथे पिशव्या ठेवतात, चहा पितात. आमच्याकडच्या बायका सासूसमोर बाही वर करायला लाजतात. सालिहेताईने त्या खोलीचं दार लावलं, झग्याची बटणं काढली आणि व्रण दाखवला.

"कुठे आहे?" एकीने विचारलं.

"हा काय."

"हा? मला मधमाशी चावली होती, त्याचा डाग याच्यापेक्षा मोठा आहे."

"मग मधमाशीकडे जा तपासायला," सालिहेताई म्हणाली. मग तिने समजावलं. शेळीच्या नळीतली मज्जा आपण ओढून खातो, तसं ते यंत्र ओढतं, फक्त हाड फुटत नाही. आणि दुखतं का, तर टोचताना दुखतं, मग ओढल्यासारखं वाटतं, आणि सगळ्यात जास्त मान दुखते. तिने काही लपवलं नाही. स्वतःचे चौदा महिनेही सांगितले. हे मला नंतर लोकरवालीने सांगितलं. सालिहेताईच्या तोंडून मला फक्त "दाखवला" एवढंच कळलं.

पुढच्या आठवड्यात तीन बायका आल्या. वर्षअखेरीला आकडा चाळिसावर गेला.

आमची वाटणी ठरलेली होती. सुई माझी, बाकी सगळं तिचं. डोक्याशी स्टूल घेऊन बसायची, बाईचा हात हातात, आणि शेतातलं, लेकीसुनांचं, वाटाण्या-घेवड्याचं काहीबाही बोलत राहायची. यंत्र घरघरायच्या आत सांगायची, "आता आवाज येईल, जुन्या ट्रॅक्टरसारखा. तुला काही करायचं नाही." शेवटची पंधरा मिनिटं दाबायचं काम तिने कधी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. पट्टा बांधून मोकळं होता येतं, बाकी ठिकाणी तसंच करतात. ती म्हणायची, "पट्ट्याला कुठे कळतंय किती दाबायचं?"

दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत नाझ्मिये आली. बावन्न वर्षांची, वरच्या गावात तंबाखू पिकवणारी, राकट हातांची. उजव्या स्तनात सात कण. टेबलावर चढता चढता म्हणाली, "मार्चात रोपं टाकायची आहेत. तोवर सोडाल ना?"

"आज दुपारीच सोडतो," सालिहेताई म्हणाली. "घरी काय म्हणतात तुला?"

"घरी? घरी मला 'ए, कुठे आहेस' म्हणतात."

पालथी पडलेली ती आणि स्टुलावरची सालिहेताई दोघी हसायला लागल्या, आणि मला फोटो परत काढावा लागला.

काम ठीक झालं. बारा तुकड्यांपैकी चौथ्या आणि पाचव्यात कण दिसले. सालिहेताईने तुकड्यांच्या एक्स-रेवर बोटाने मोजले, सात. सगळे. तुकडे बाटलीत घातले, नेहमीप्रमाणे खाली शहरातल्या प्रयोगशाळेत गेले. तिथे ते मेणात बसवतात, त्या मेणाचे पातळ पापुद्रे काढतात आणि भिंगाखाली बघतात.

अकराव्या दिवशी अहवाल आला. निरुपद्रवी बदल. खाली एक ओळ होती, चुन्याचे कण आढळले नाहीत. मी वरची ओळ वाचली, बरं वाटलं, आणि वर्षाने पुन्हा तपासणी असं लिहून सही करणार होते. सालिहेताई माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"मग ते सात गेले कुठे?" ती म्हणाली.

"कुठले सात?"

तिने फिल्म आणून पेटीवर लावली. "हे. आपण काढले, डबीत होते, फोटोत आहेत. यांना सापडत नाहीत. म्हणजे यांनी बघितलं ते दुसरंच काहीतरी."

मी थकलेले होते. बाहेर सहा पेशंट होते. "ताई, पापुद्रे काढताना निसटतात कण. तज्ज्ञाने बघितलंय. डॉक्टर कोण, तू की मी?"

"डॉक्टर तुम्हीच," ती शांतपणे म्हणाली. "कण मोजणारी मी. सही नका करू."

मी सही केली नाही, पण रागाने कागद बाजूला सारला. माझं चुकत होतं हे मी आज लिहू शकते, तेव्हा नुसती चिडचिड होत होती. दुपारी मीच प्रयोगशाळेत फोन लावला. तिथले डॉ. तोनचेव्ह जुने, नावाजलेले, फोनवर दोन वाक्यांपलीकडे न बोलणारे. "अहवाल दिलाय," ते म्हणाले, "आणखी काय हवंय?" मी फोन ठेवला. सालिहेताईने फिल्म पाकिटात घातली.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. सकाळच्या बसने ती तीन तासांचा घाट उतरून शहरात गेली. पुढचं मला खुद्द तोनचेव्हांनी सांगितलं. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई प्रयोगशाळेच्या दारात बसून होती. शिपायाला वाटलं सफाईच्या कामासाठी आलीय. ते जेवायला निघाले तेव्हा ती उठली.

"डॉक्टर, तुमचा पाच मिनिटं वेळ घेते," तिने फिल्म खिडकीच्या काचेला धरली. "मी तुमच्याइतकी शिकलेली नाही. मला नुसतं मोजता येतं. इथे सात आहेत. तुमच्या कागदावर शून्य. मला सांगा चुकलं कुणाचं, माझं असेल तर मी पाय धरते आणि पुढच्या बसने जाते."

"बाई, रोज तीस बायकांचे तुकडे येतात माझ्याकडे," ते म्हणाले.

"माझ्याकडे एकच आली होती," सालिहेताई म्हणाली. "तिला परवा फोन करायचाय."

तोनचेव्ह जेवायला गेले नाहीत. त्यांनी मेणाचे ठोकळे मागवले आणि ते ठोकळेच एक्स-रेखाली घातले. सातही कण होते. ठोकळ्यात खोल, जिथवर पातं पोचलंच नव्हतं. वरवरचे पापुद्रे काढून बघितले गेले होते, आतलं तसंच राहिलं होतं. "बाई, तुम्ही जा," त्यांनी सांगितलं. "मी खोल कापतो आणि स्वतः कळवतो."

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मला नाही, तिला. ती उभ्याने ऐकत होती. फोन ठेवून म्हणाली, "आहे. पण नळीच्या आतच आहे. बाहेर फुटलेला नाही."

म्हणजे कर्करोग, पण दुधाच्या नळीतच कोंडलेला. सगळ्यात लवकरचा, काढून टाकला की बहुतेकदा संपतोच असा. वर्षभर थांबलो असतो तर काय झालं असतं हे कुणीच सांगू शकत नाही, आणि मी ते कधी सालिहेताईला विचारलंही नाही.

नाझ्मियेला सांगायचं काम माझं होतं. ती नवऱ्याबरोबर आली होती. मी सगळं सांगितलं, नीट, हळू. ती मग म्हणाली, "स्तन काढणार?"

"नाही. आम्ही खूण सोडलीय, तिच्याभोवतीचा भाग काढतील. मग काही आठवडे किरणं घ्यायला शहरात."

"आणि रोपं?"

नवरा इतका वेळ टोपी कुरवाळत होता. तो म्हणाला, "रोपं मी टाकीन."

"तुम्ही? तुम्हाला ओळीत तरी लावता येतात का?"

"तू खाटेवर बसून ओरड. मी लावतो."

सालिहेताई तिच्याबरोबर बसपर्यंत चालत गेली. काय बोलल्या मला माहीत नाही. खिडकीतून दिसलं ते एवढंच, की नाझ्मिये मध्येच थांबली, रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसली, आणि सालिहेताई तिच्या शेजारी बसून राहिली. एक बस गेली. दुसरी गेली. तिसऱ्या बसला ती चढली.

शस्त्रक्रिया मार्चच्या शेवटी झाली. ऑगस्टात नाझ्मिये अंगणात बसून तंबाखूची पानं दोऱ्यात ओवत होती. त्याला आता सहा वर्षं झाली. दर फेब्रुवारीत येते, फिल्म काढते, आणि नवऱ्याने त्या वर्षी रोपं किती वाकडी लावली होती ते नव्याने सांगते.

तोनचेव्हांनी त्यानंतर एक पत्र पाठवलं, इस्पितळाच्या नावाने नाही, तिच्या नावाने. यापुढे ज्या तुकड्यांत कण दिसतील ते वेगळ्या बाटलीत घालून, फिल्मसकट पाठवा, म्हणजे आम्ही आधी तेच कापू. खाली त्यांनी लिहिलं होतं, "मोजण्याबद्दल आभारी आहे." तिने ते मला वाचायला दिलं, "अक्षर किती वाईट आहे बघ," एवढंच बोलली आणि दोन रंगांच्या बाटल्या मागवायला भांडारात गेली.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी इस्पितळाने केक आणला, संचालकांचं भाषण ठरलं होतं. अकराला एक बाई टेबलावर होती, एकोणतीस वर्षांची शिक्षिका, भीतीने दात वाजत असलेली. केकसाठी दोनदा बोलावणं आलं. दुसऱ्यांदा संचालक स्वतः दारात आले.

"सालिहेताई, सगळे थांबलेत."

"थांबू देत," ती मान न वळवता म्हणाली. तिची तीन बोटं बोळ्यावर होती. "अजून अकरा मिनिटं आहेत."

संचालक दार लोटून घेऊन बाहेर उभे राहिले. शिक्षिका तिला तिच्या वर्गातल्या मुलांबद्दल सांगत होती, आवाज हळूहळू मोकळा होत होता. मी बाटल्यांवर नावं लिहीत बसले.